प्रवेश बंद, गाव चालू

"रस्ता सुधारता येत नसेल, तर रस्त्यावरचा माणूस वळवावा!"

हे वाक्य प्लॅनरावांचं. ते नगरपालिकेच्या नगररचना विभागाचे प्रमुख. विभागात त्यांच्याखेरीज एक टेबल आणि एक करकरणारा पंखा एवढेच असल्यामुळे त्यांच्या प्रमुखपदाला कुणाची हरकत नव्हती. त्यांचं खरं नाव त्यांच्या आईला तेवढं ठाऊक. बाकी सारं गाव त्यांना प्लॅनरावच म्हणे. खड्डा दिसला की दुसरा माणूस खडी मागवील, प्लॅनराव बाणाची पाटी मागवत. गटार फुटलं, लावा बाण! भिंत कलली, लावा बाण! एकदा पुलाचा कठडा पडला, तेव्हा त्यांनी इतके बाण लावले की नदीसुद्धा दोन दिवस बुचकळ्यात पडली होती म्हणतात, डावीकडे वाहावं की उजवीकडे!

तर त्या वर्षी सरकारच्या मनात आलं की देशातली शहरं न विंचरलेल्या केसांसारखी वाटेल तशी वाढताहेत, त्यांना वळण लावलं पाहिजे. म्हणून प्रत्येक विभागातून एक शहर निवडायचं, त्याला 'अग्रणी शहर' म्हणायचं. लोकांनी त्याचं लगेच 'म्होरकं गाव' करून टाकलं. म्होरक्याने पुढे चालायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या पावलावर पाऊल टाकायचं. जी शहरं निवडली जाणार नाहीत ती 'अनुयायी'. अनुयायांनी म्होरक्याची व्यवस्था जशीच्या तशी उचलायची. स्वतःची अक्कल मध्ये घालायची नाही.

नगराध्यक्षांनी हे ऐकलं आणि भाषण लिहायला घेतलं. प्लॅनरावांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. कारण शेजारच्या शहराच्या नगररचना विभागाचा प्रमुख होता त्यांचा साडू!

साडू ही काय चीज असते ते ज्याला आहे त्यालाच कळतं. भावाशी भांडता येतं, मेव्हण्याला दटावता येतं. साडूशी मात्र हसूनच बोलावं लागतं, आणि हसता हसता दाढा दुखायला लागतात. त्याच संध्याकाळी साडूंचा फोन आला.

"काय साडूभाऊ, ऐकलंत ना? आमचं शहर निवडलं गेलं की तुमच्याकडे देखरेखीला मीच येणार बरं का! दर महिन्याला. उतरेन तुमच्याच घरी. मेव्हणीच्या हातचा चहा पीत पीत तुमचे नकाशे तपासू!"

"वा वा, अवश्य," प्लॅनराव दाढा दाबून म्हणाले.

"माझ्या सहीवाचून तुम्हाला साधा खांबसुद्धा रोवता येणार नाही म्हणे. गंमतच आहे सरकारची, नाही?"

प्लॅनरावांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा सुकलेल्या दोडक्यासारखा झाला होता. बायको सगळं ऐकत उभी होती. ती गावच्या हौशी नाटक मंडळाचा कपडेपट सांभाळी, त्यामुळे राग आला की तिचा आवाज थेट शेवटच्या रांगेपर्यंत जाई.

"हे बघा! लहानपणी थोरलीचे जुने फ्रॉक घातले मी. तिच्या जुन्या चपला घातल्या. आता तिच्या नवऱ्याच्या जुन्या योजना अंगावर चढवायच्या? मुळीच नाही! म्होरकं व्हायचं ते आपलंच गाव!"

"अगं, पण त्यांच्याकडे काचेच्या इमारती आहेत."

"आणि तुमच्याकडे काय आहे?"

प्लॅनरावांनी क्षणभर विचार केला. मग त्यांची छाती हळूहळू फुगली.

"माझ्याकडे बाण आहेत!"

खिडकीपाशी बसलेली आई फिस्सकन हसली. म्हातारी होती तोंडाने तिखट, पण गुडघ्यांनी पार मऊ. घर होतं मागच्या गल्लीत, आणि स्टेशनवरून बाजारात जाणारे झाडून सारे ट्रक या गल्लीतून जवळच्या वाटेने धडधडत जात. समोरच्या घरात आईची बालमैत्रीण राहत होती. सगळे तिला समोरची मावशी म्हणत. दोघींच्या दारांत हाक मारण्याइतकंच अंतर, पण कित्येक वर्षांत आई रस्ता ओलांडून तिकडे गेली नव्हती. दोघी आपापल्या खिडकीत बसत आणि दोन ट्रकांच्या मधल्या फटीत खुणा करून घेत. एका ट्रकाआधी 'जेवलीस का?' असं विचारावं, पुढच्या ट्रकानंतर 'हो' असं उत्तर यावं!

"माझ्यासाठी पण एखादा बाण लाव की रे," आई म्हणाली. "मला समोर जायचंय."

"आई, तुझ्या रस्त्याचा प्लॅन केव्हाच तयार आहे."

"तू पहिलीत होतास तेव्हा तुझा अभ्यासही असाच केव्हाच तयार असायचा."

तर प्लॅनरावांचा बेत असा होता. गावात नाव घेण्याजोगा रस्ता एकच, गोल रस्ता. स्टेशनपासून निघायचं, मग वाचनालय, दवाखाना, बाग, बँक असं करत गरगर फिरून पुन्हा स्टेशनपाशी. सरकारी समितीला या रस्त्यावर घ्यायचं, अर्धी फेरी मारायची आणि मधूनच नगरसभागृहाच्या गल्लीत वळवून भाषण, बँड, फोटो. बाकी ज्या ज्या गल्लीत गावाचं खरं रूप लपलं होतं, तिच्या तोंडाशी पाटी. ट्रक त्या दिवशी गावाबाहेरच थोपवायचे. समितीला दिसेल ते सगळं गुळगुळीत!

पेंटरला बोलावलं.

"साहेब, किती पाट्या करू?"

"गोल रस्त्याला जी जी गल्ली मिळते, तिच्या तोंडाशी एक. 'वाहनांना प्रवेश बंद'. खाली लिहा, 'आदेशावरून, नगररचना विभाग'."

"जी जी म्हणजे सगळ्याच?"

"पेंटर, सरळ बोललेलं कळतं ना? सगळ्या म्हणजे सगळ्या! उंदराला शिरायला फट राहता कामा नये. आणि नुसत्या टेकवू नका, सिमेंटात रोवा. वारा सुटला की आमच्या खात्याची अब्रू आडवी व्हायला नको!"

पेंटर अतिशय आज्ञाधारक माणूस. एकदा त्याला कुणी 'दार रंगव' म्हटलं, तर त्याने कडी, कुलूप आणि किल्लीच्या भोकासकट दार रंगवलं होतं. त्या घरातली माणसं रंग वाळेपर्यंत खिडकीतून ये-जा करत होती. हे ठाऊक असूनसुद्धा प्लॅनराव 'सगळ्या' म्हणाले! आता याला काय म्हणावं?

समिती आली. समिती म्हणजे दोनच माणसं. एक अध्यक्षबाई. उंच, ताठ, चष्म्याची साखळी गळ्यात. गाडी चुकीच्या जागी उभी केली म्हणून त्यांनी स्वतःच स्वतःला दंड केला होता, अशी त्यांची ख्याती! दुसरे एक तज्ज्ञ. ते गाडीत बसले की झोपत आणि गाडी थांबली की 'उत्तम' म्हणत. प्लॅनराव पुढे ड्रायव्हरशेजारी बसले.

"गावात पाट्या बऱ्याच दिसताहेत," गोल रस्त्याला लागताच अध्यक्षबाई म्हणाल्या.

प्लॅनरावांना याहून गोड वाक्य आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं. ते अर्धे मागे वळले.

"एकही पाटी उगाच नाही, बाई! एकेका पाटीमागे वर्षावर्षांचा अभ्यास आहे. आणि शिस्त म्हणाल तर खुद्द नगराध्यक्षांची गाडीसुद्धा पाटी ओलांडत नाही!"

"असं?" बाईंचे डोळे चमकले. "बाकी ठिकाणी पाट्या साहेबांनी लावायच्या आणि साहेबांनीच ओलांडायच्या असतात."

"छे छे! आमच्याकडे पाटी म्हणजे दगडावरची रेघ!"

वाचनालय गेलं. दारात ग्रंथपाल जाडं पुस्तक उघडून उभे होते. दवाखाना गेला. न्हाव्याच्या दुकानाच्या दारात न्हाव्याने कात्री उंचावून सलाम ठोकला. बाग गेली. बँकेच्या पायरीवर एक तपकिरी कुत्रा पसरला होता, त्याने डोकं वर करून जांभई दिली. सगळं कसं बेतल्यासारखं चाललं होतं! आणि मग समोर आली नगरसभागृहाची गल्ली. आत नगराध्यक्ष भाषणाचे कागद घेऊन उभे, बँडवाले गाल फुगवून सज्ज. आणि गल्लीच्या तोंडाशी, सिमेंटात पक्की रोवलेली, ओल्या रंगात चमचमणारी पाटी. वाहनांना प्रवेश बंद!

"थांबा," अध्यक्षबाई ड्रायव्हरला म्हणाल्या. "इथे वळायचं नाही. पाटी आहे."

"बाई, ती... ती पाटी जरा..."

"अभ्यासाची आहे ना?"

"आहे तर! पण..."

"मग प्रश्नच मिटला. पुढे चला."

बँडवाल्यांच्या फुगलेल्या गालांसमोरून गाडी सुळकन निघून गेली. नगराध्यक्षांनी स्वागताला वर केलेला हात तसाच वर राहिला. पुढे त्या हातावर दोन कावळे येऊन बसले आणि त्यातल्या एकाने घरट्यासाठी काडीही आणली होती, असं बँडवाले अजून सांगतात.

'हरकत नाही,' प्लॅनरावांनी मनाशी म्हटलं. 'फेरी पुरी झाली की स्टेशनपाशी बाहेर पडू, मागच्या दाराने सभागृहात शिरू.' गाडी स्टेशनपाशी आली. आलो त्या तोंडावर आता दुसरी ओली पाटी! बाजूला पेंटर डबा घेऊन उभा. त्याने साहेबांकडे बघून अभिमानाने अंगठा दाखवला. गाडी आत शिरल्या शिरल्या त्याने मागचं तोंडही बंद केलं होतं. सगळ्या म्हणजे सगळ्या!

प्लॅनरावांनी दोन्ही बाजूंना मान वळवून पाहिलं. आत यायला वाट होती, बाहेर जायला नव्हती. गोल रस्ता खरोखरीच गोल झाला होता!

ड्रायव्हर खाली मान घालून पुटपुटला, "साहेब, हे वळण माझ्या ओळखीचं वाटतंय."

"समोर बघ!" प्लॅनरावांनी त्याला कोपराने ढोसलं, खोकल्याची उबळ आल्यासारखं केलं आणि रुमालाआड फोन धरून बायकोला गाठलं.

"अगं, आम्ही पुन्हा येतोय!"

"कुठे?"

"सगळीकडे! तेच वाचनालय, तोच दवाखाना! आता कळणार यांना की गावात दाखवायला एवढंच आहे! काहीतरी कर. नाहीतर चहाचं आधण ठेव, साडू येतोय दर महिन्याला!"

शेवटच्या वाक्याने वीज पडल्यासारखं काम केलं. पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

गावचं नाटक मंडळ म्हणजे अर्धं गाव, आणि उरलेलं अर्धं प्रेक्षक. बायकोने कपडेपटाच्या ट्रंका रस्त्यावर आणून उपड्या केल्या. गाडी दुसऱ्यांदा वाचनालयापाशी आली, तेव्हा त्याच्यावर संगीत विद्यालयाची पाटी होती, आणि ग्रंथपाल डोळे मिटून गात होते. ते आयुष्यात पहिल्यांदाच गात होते, आणि ऐकणाऱ्यांची इच्छा हीच शेवटची वेळ ठरावी अशी होती. दवाखान्याच्या दारात पांढरा डगला घालून न्हावी उभा. बागेत मघाशी बाकावर बसलेले म्हातारे आता रांगेने व्यायाम करत होते, म्हणजे एकमेकांना धरून उभे होते.

"गाव बरंच मोठं आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"पसरलेलं आहे, बाई!"

बँकेच्या पायरीवर कुत्र्याने डोकं वर करून जांभई दिली. सभागृहाच्या गल्लीत बँडवाल्यांचे गाल पुन्हा फुगले आणि पुन्हा बसले. गाडी तिसऱ्या फेरीला लागली.

आता न्हावी लोकरीचा टोप आणि काळा झगा घालून न्यायाधीश झाला होता. संगीत विद्यालयाचं मत्स्यालय झालं होतं आणि ग्रंथपाल पुठ्ठ्याच्या माशाला दोरीने हलवत होते. अध्यक्षबाईंनी चष्मा चढवला.

"हे न्यायाधीश त्या मघाच्या डॉक्टरांसारखे दिसतात, नाही?"

"जुळे भाऊ, बाई!"

"आणि सुरुवातीला कात्रीने सलाम करणारा न्हावी?"

प्लॅनरावांनी तीन बोटं वर केली. "तिळे! माउली मोठी कर्तबगार होती."

"तिघांच्याही गालावर तोच तीळ?"

"घराण्याचा आहे!"

इतक्यात बँक आली. पायरीवर तोच तपकिरी कुत्रा होता. फरक एवढाच, की आता त्याच्या गळ्यात लाल मफलर होता! टळटळीत उन्हात! आणि मफलर प्लॅनरावांचा स्वतःचा, बायकोने वाढदिवसाला विणून दिलेला! बायकोला ऐनवेळी आठवलं असणार की कुत्रा तोच आहे. कुत्र्याने डोकं वर केलं. जांभई मात्र तीच दिली.

तज्ज्ञांना जाग आली. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, "उत्तम," म्हणाले आणि पुन्हा झोपले. अध्यक्षबाईंनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं, आणि ते बघून प्लॅनरावांना डोळ्यांसमोर साडू चहात बिस्कीट बुडवताना दिसू लागला.

पुढच्या वळणावर गाडीला दोन आचके बसले. तिने एक लांब सुस्कारा टाकला आणि ती थांबली.

"पेट्रोल संपलं, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "एवढं मोठं गाव असेल असं वाटलं नव्हतं."

प्लॅनरावांनी बाहेर पाहिलं. गाडी थांबली होती नेमकी मागच्या गल्लीच्या तोंडाशी! जी गल्ली लपवायला एवढा घाट घातला होता, जिथलं गटार, उखडलेली फरशी, ट्रकांनी ओरबाडलेल्या भिंती सगळं जसंच्या तसं होतं, ती त्यांची स्वतःची गल्ली!

"चला, चालत जाऊ," अध्यक्षबाई उतरल्या.

"बाई, पाटी आहे!"

"वाहनांना आहे. पायांना नाही."

त्या लांब ढांगा टाकत निघाल्या. मागून तज्ज्ञ, त्यांच्या मागून प्लॅनराव, कान पकडून नेलेल्या पोरासारखे. आता संपलं सगळं! गल्ली वळली आणि प्लॅनराव जागच्या जागी थबकले.

गल्लीत एकही चाक नव्हतं. गटार होतं तिथेच होतं, भिंती तशाच ओरबाडलेल्या होत्या. पण सकाळपासून ट्रक नाही, मोटार नाही, हॉर्न नाही म्हटल्यावर आतली माणसं हळूहळू बाहेर आली होती. आधी कुणीतरी उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकली असेल, तिला बघून दुसऱ्याने टाकली. शिंपीकाकांनी शिलाईमशीनच रस्त्यावर आणलं होतं. एक बाई तिच्या नवऱ्याला सायकल शिकवत होती आणि अख्खी गल्ली त्याला सूचना देत होती. भर रस्त्यात पोरींनी खडूने भलंमोठं घर आखलं होतं, त्यात स्वयंपाकघर कुठे असावं यावरून जोरात वाद चालला होता. आणि समोरच्या मावशीच्या पायरीवर, मावशीला खेटून, प्लॅनरावांची आई पत्ते कुटत बसली होती!

नुसतं कुटत नव्हती, एक पत्ता पदराखाली सरकवत होती.

"आई! तू इकडे? एकटी?"

"चालत आले. मध्ये दोनदा उभीसुद्धा राहिले, उगाच, रस्त्याच्या मधोमध!" आईने मान वर केली. "काय रे, आयुष्यभर बाण काढलेस. या पाट्या आधी नाही का लावायच्या? एवढी एकच धड गोष्ट केलीस, ती पण आज?"

मावशी म्हणाली, "याला बोलण्यात घालून पत्ता लपवते आहेस तू. आणि अरे, मघाशी बोलता बोलता कळलं, गेली किती वर्षं मी खिडकीतून 'गुडघा दुखतो का' विचारत होते आणि ही 'आमटी खारट झाली' असं समजत होती!"

या गल्लीचे प्लॅनरावांनी आजवर कितीतरी नकाशे काढले होते. त्यांतल्या एकाही नकाशात कुणी बसलेलं नव्हतं.

अध्यक्षबाई पुढे आल्या आणि आईशेजारी पायरीवर बसल्या.

आईने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "तू कोण गं? पत्ते येतात का?"

"येतात थोडे."

"मग घे. आणि माझ्या बाजूला बघायचं नाही."

"आजी, ही गल्ली अशी कुणी केली?"

प्लॅनरावांनी घसा साफ केला. "बाई, विभागाने दीर्घकाळ अभ्यास करून..."

"चुकून झालंय," आई म्हणाली. "पेंटरला सांग सगळ्या, तर तो लावतो सगळ्या. हा माझा मुलगा आहे, मला विचार."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून एक धिप्पाड मिशाळ माणूस धापा टाकत धावत आला. "नमस्कार! मी बँकेचा मॅनेजर! या गल्लीत काही नाही, आपण तिकडे..." त्याची मिशी घामाने सुटली आणि सावकाश हनुवटीवर उतरली. ती प्लॅनरावांची बायको होती. पोटाला उशी बांधलेली!

शिंपीकाकांचं शिलाईमशीन थांबलं. प्लॅनरावांनी डोळे मिटून घेतले.

"मफलर तुम्ही विणलात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हो..." बायकोने मिशी मुठीत लपवली.

"वीण सुरेख आहे. पण दुसऱ्या फेरीलाच मला कळलं होतं. कुत्रा वेष बदलायला विसरला होता." बाईंनी एक पान टाकलं. "ऐका, प्लॅनराव. खोटं दाखवणारी शहरं मी रोज बघते. तुमच्या शेजारच्यांनी तर मला गार खोलीत बसवून शहराचा नुसता सिनेमा दाखवला, खिडकीचे पडदेसुद्धा उघडले नाहीत. पण एका माणसाची फजिती झाकायला अख्खं गाव टोप चढवून धावतंय, असं मी कुठे पाहिलं नाही. आणि रस्ता रिकामा झाल्याबरोबर खुर्च्या घेऊन बाहेर येणारी माणसंही पाहिली नाहीत. हे गटार तेवढं बुजवा. बाकी गल्ली अशीच ठेवाल का?"

प्लॅनरावांनी गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं.

"ठेवावीच लागेल, बाई," ते खरं तेच बोलले. "पाट्या सिमेंटात आहेत."

तज्ज्ञ उभ्या उभ्याच डुलकी घेत होते. ते जागे झाले. त्यांनी गल्लीकडे नीट डोळे उघडून पाहिलं. मग खुर्ची मागितली आणि ते बसले. 'उत्तम' म्हणायचं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच भानावर असताना सुचलं.

बाई तो डाव हरल्या. आईच्या पदराखालचा पत्ता त्यांनाही दिसला नव्हता.

यथावकाश निकाल लागला. आमचं गाव, म्हणजे प्लॅनरावांचं गाव, म्होरकं ठरलं! मागच्या गल्लीचं गटार बुजलं, ट्रकांना गावाबाहेरून वाट मिळाली, आणि मग एकेक करून आणखी चार गल्ल्यांनी पाट्यांसाठी अर्ज केले. प्लॅनरावांनी पहिलं काम केलं ते सभागृहाच्या आणि स्टेशनच्या तोंडाची पाटी उपटण्याचं. पण समितीचा अहवाल त्याआधीच छापून गेला होता. त्या दिवशी बाईंनी जे जे डोळ्यांनी पाहिलं ते ते त्यात होतं, आणि अनुयायांनी ते जसंच्या तसं उचलायचं होतं.

साडूंचा फोन आला. यावेळी दाढा त्यांच्या दुखत होत्या.

"अभिनंदन, साडूभाऊ. आम्ही सगळं राबवलंय, अगदी अहवालात आहे तसं. या एकदा बघायला. देखरेखीला आता तुम्हीच यायचं ना?"

"येतो की! चहा करून ठेवा!"

रविवारी प्लॅनराव कडक इस्त्रीचे कपडे करून निघाले. बायकोने मुद्दाम कोरी साडी काढली, कारण आता थोरलीने तिची साडी बघून तशीच घ्यायची होती. आई मागच्या सीटवर पत्त्यांचा जोड घेऊन बसली. साडूच्या शहरातला गोल रस्ता लागला तशी प्लॅनरावांची छाती फुगली. गल्लोगल्ली पाट्या! अक्षर तेच, रंग तोच! तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत साडू कप हातात घेऊन उभे होते.

"या या, म्होरके!" त्यांनी वरून हाक दिली.

प्लॅनराव वळायला गेले. साडूच्या गल्लीच्या तोंडाशी पाटी. वाहनांना प्रवेश बंद! "असू दे, पुढून येतो!" ते ओरडले. पुढे स्टेशन आलं. आलो त्या तोंडावर पाटी. बाजूला कुणीतरी डबा घेऊन उभा. त्याने अंगठा दाखवला.

पुन्हा गॅलरी आली. साडूंनी हात हलवला. "चहा टाकलाय!"

पुन्हा गॅलरी आली. "चहा गाळला!"

पुन्हा आली. "चहा निवतोय हो, साडूभाऊ!"

"अहो, ओलांडा ना ती पाटी!" बायको किंचाळली.

"कशी ओलांडू? आपल्याच विभागाचा नमुना आहे! म्होरक्यानेच पाटी मोडली तर मागच्यांनी काय करायचं?"

"गाडी ठेव बाजूला आणि चाल की, गाढवा!" आई म्हणाली. "पायांना कुठे बंदी आहे?"

मग तिघं उतरली. साडूच्या गल्लीतही माणसं खुर्च्या टाकून बसली होती. एक आजोबा रस्त्याच्या मधोमध उभे राहून ऊन खात होते, उगाचच. आईने त्यांना विचारलं, "पत्ते येतात का?" आणि ती तिथेच बसली.

प्लॅनराव मात्र कोपऱ्यावर खिळले होते. बँकेच्या पायरीवर एक तपकिरी कुत्रा पसरला होता. त्याच्या गळ्यात लाल मफलर होता.

धावत खाली आलेले साडू घाम पुसत म्हणाले, "अहवालात आहे ना तसं! तपकिरी कुत्रा लवकर मिळेना, शेवटी हा पांढरा रंगवून घेतला. आमची ही रात्रंदिवस मफलर विणतेय, हा रोज एक फाडतो. साडूभाऊ, तुम्ही जाणते. एवढं सांगा, याचा नेमका उपयोग काय?"

प्लॅनरावांनी कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्याने डोकं वर केलं आणि जांभई दिली.

"त्यामागे," प्लॅनराव म्हणाले, "वर्षावर्षांचा अभ्यास आहे."